पंचवीस दिवसांचा ठराव

बेळगाव महानगरपालिकेच्या सभागृहात २७ ऑक्टोबर २००५ रोजी एक ठराव मंजूर झाला. बेळगाव शहर आणि सीमाभागातला मराठी मुलूख महाराष्ट्रात सामील करावा, अशी विनंती त्यात होती. सभागृहात महाराष्ट्र एकीकरण समितीचं बहुमत होतं आणि महापौर होते विजय मोरे. त्या ठरावाने तसूभर जमीन इकडची तिकडे होणार नव्हती. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिलाय, नगरसेवकांना नाही, आणि हे हात वर करणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाला ठाऊक होतं. तरीही पुढच्या पंचवीस दिवसांत ठराव रद्द झाला, महापौरांना नोटीस गेली, राज्याच्या राजधानीत त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि शेवटी लोकांनी निवडून दिलेलं सबंध सभागृहच बरखास्त झालं.

देशात महापौर पुष्कळ होऊन गेले. कुणी पैशाच्या प्रकरणात अडकले, कुणी जमिनींच्या, कुणी पक्ष बदलून खुर्ची राखली. विजय मोरे वादात सापडले ते सभागृहाने मंजूर केलेल्या एका विनंतीपायी. म्हणून त्यांच्या महापौरपदाचा तो महिना नीट सांगायला हवा, आणि तो सांगायचा तर बेळगावात महापौरपदाला एवढं वजन कुठून आलं तेही सांगावं लागतं.

आम्हा कोल्हापूरकरांना सीमाप्रश्न वर्तमानपत्रातून कळलेला नाही. कोडोलीहून वाठारला आलं की महामार्ग लागतो. कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा नाका येतो आणि राज्य बदलतं. शेतं तीच, ऊस तोच, घराघरांतल्या सोयरिकी त्याच. निपाणी, संकेश्वर करत तासा-दोन तासांत बेळगाव येतं. सीमेवर काही पेटलं की पहिल्यांदा एसटी थांबते आणि प्रवासी कोगनोळीच्या अलीकडे उतरतात. लेकीकडे निघालेली बाई, दवाखान्याचे कागद पिशवीत घेऊन निघालेला म्हातारा, कॉलेजचा पोरगा, सगळे रस्त्यावर. मुंबई-पुण्याकडच्यांना हा प्रश्न १ मेच्या भाषणात भेटतो. आम्हाला तो बसस्टँडवर भेटतो.

बेळगावच्या नगरसभेने महाराष्ट्राची मागणी करणं २००५ मध्ये पहिल्यांदा घडलं नाही. मे १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. म्हणजे ज्या चळवळीतून आजचा महाराष्ट्र उभा राहिला, तिची ठिणगी ज्या गावात पडली तेच गाव पुढे महाराष्ट्राबाहेर राहिलं. १९४८ मध्ये बेळगाव नगरपालिकेने शहर नियोजित महाराष्ट्र राज्यात घालावं अशी मागणी केली. तेव्हा महानगरपालिका नव्हती, महापौर नव्हता, होती ती साधी नगरपालिका. पण गावाच्या वतीने बोलायचं ते नगरसभेने, ही रीत तिथे पडली. साहित्यिकांचा मांडव उठून जातो, मोर्चा सायंकाळी पांगतो. नगरपालिकेचा ठराव मात्र इतिवृत्तात राहतो, त्याला क्रमांक असतो, सूचक-अनुमोदकांची नावं असतात. बेळगावच्या माणसांनी हे फार लवकर ओळखलं.

राज्य पुनर्रचना आयोगाने बेळगाव जिल्हा कर्नाटकाला द्यायची शिफारस केली आणि त्यातला एकटा चंदगड तालुका वगळला. तो चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. चंदगडची माणसं आज कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीत मराठीत अर्ज देतात आणि पलीकडच्या खानापूर तालुक्यातल्या त्यांच्याच पाहुण्यांना मराठीत कागद मिळावा म्हणून भांडावं लागतं. १९५६ च्या त्या रेघेचा अर्थ याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंडित नेहरूंनी केली आणि मराठी मुलूख पेटला. १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला. पैलवान मारुती बेन्नाळकरांसारखी तालमीतली, गल्लीतली माणसं त्यात गेली. तेव्हापासून १७ जानेवारीला सीमाभाग हुतात्मा दिन पाळतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेलं. त्या तारखेला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि बेळगावातली मराठी माणसं काळा दिन पाळतात. काळ्या फिती, काळे झेंडे आणि संभाजी उद्यानापासून निघणारी मूक सायकल फेरी. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका रस्त्यावर मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर निषेध, हे गेली कित्येक दशकं चालू आहे.

त्यानंतरची कहाणी महाराष्ट्रात बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून झरझर सांगतो. महाराष्ट्राने मागणी मांडली ती खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता या तत्त्वांवर. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी ऐंशी उलटलेल्या वयात उपोषण केलं आणि केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला, आणि बेळगाव मात्र कर्नाटकातच. शहर तीन बाजूंनी कानडी मुलखाने वेढलेलं आहे, असा त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो जसाच्या तसा लागू करा असा आग्रह धरला आणि घोडं तिथेच अडलं. आयोग मागितला महाराष्ट्राने, नाकारलाही महाराष्ट्राने, ही गोष्ट कर्नाटक आजही ऐकवतं. ती आपण लपवू नये. पण चंदगडच्या वेळी ज्या सलगतेने आणि भाषेने निकाल दिला, तीच तत्त्वं बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना का लावली नाहीत, या प्रश्नाचं उत्तर त्या अहवालात मिळत नाही.

महापौरपदाची आणि सीमाप्रश्नाची गाठ आणखी एका वळणावर पडली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध मोठं आंदोलन झालं. रामकृष्ण हेगडे कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांसाठी सगळे रस्ते बंद केले होते. शरद पवार पोलिसांना चुकवून बेळगावात पोचले, चन्नम्मा चौकात उभे राहिले आणि त्यांनी लाठ्या झेलल्या. छगन भुजबळ वेष पालटून, दाढी लावून शहरात शिरले. त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास घडला. हे भुजबळ म्हणजे १९८५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले शिवसेनेचे नेते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा महापौर राहिलेला माणूस दुसऱ्या राज्यातल्या शहरात खोटी दाढी लावून शिरतो, हे दृश्य तेव्हा महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. पण त्याच दिवसांत बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाशी दर वर्षी जूनमध्ये माणसं जमतात ती त्यांच्यासाठी. नेते परत आले, त्यांची पुढची राजकारणं झाली, मंत्रिपदं झाली. गावातली माणसं गावातच राहिली आणि त्यांच्या हातात उरली महानगरपालिका.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो. बेळगावची महानगरपालिका १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्यावर चालते. महापौर एका वर्षापुरता. प्रशासनाची सूत्रं राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. महापौरपद कोणत्या प्रवर्गाला राखीव, याचं चक्र बंगळूरहून ठरतं. म्हणजे महापौराकडे पैसा नाही, पोलीस नाहीत, बदल्यांचा अधिकार नाही. त्याच्याकडे सभागृहाचं अध्यक्षपद आहे आणि शहराच्या नावाने बोलण्याचा मान आहे. इतर शहरांत हा मान उद्घाटनांच्या फिती कापण्यात खर्च होतो. बेळगावात तो एकमेव लोकशाही आवाज होता. समितीचे आमदार एकेकाळी लक्षणीय संख्येने निवडून यायचे, ते कमी होत गेले. लोकसभेत तर समितीला स्थान मिळालं नाही. शहराच्या वॉर्डांत मात्र समितीला बहुमत मिळत राहिलं. गल्लीतल्या माणसाने गल्लीतल्याच माणसाला निवडून द्यायचं आणि त्या अठ्ठावन्न जणांच्या सभागृहाने महाराष्ट्राची मागणी करायची, एवढाच दरवाजा उघडा होता.

आणि २००५ मध्ये तिथे आशा होती. मार्च २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला होता. अर्धशतक मोर्चे, उपोषणं, निवेदनं झाल्यावर प्रश्न पहिल्यांदाच न्यायालयाच्या दारात गेला. त्यामागे प्रा. एन. डी. पाटलांसारख्यांचा आग्रह होता. कोल्हापुरात राहून त्यांनी हा प्रश्न स्वतःचा मानला आणि सीमाभागातल्या गावागावांत ते शेवटपर्यंत फिरले. दावा चालू असताना शहराची इच्छा काय आहे, हे अधिकृत कागदावर यायला हवं, असं समितीच्या माणसांना वाटणं साहजिक होतं. त्यातून ऑक्टोबरचा ठराव आला. राज्योत्सव आणि काळा दिन तोंडावर होता, म्हणजे ठरावाची वेळही मुद्दाम निवडलेली दिसते.

सरकारने ठराव तातडीने रद्दबातल ठरवला आणि कारणे दाखवा नोटीस काढली. मुख्यमंत्री धरमसिंग होते, काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाचं सरकार होतं. कन्नड संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. ११ नोव्हेंबर २००५ ला विजय मोरे बंगळूरमध्ये होते. तिथे कर्नाटक रक्षण वेदिकेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गाठलं, धक्काबुक्की केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळा रंग फासला.

तो प्रसंग सीमाभागातल्या माणसांच्या डोळ्यांपुढून अजून हललेला नाही. एका शहराचा प्रथम नागरिक आपल्याच राज्याच्या राजधानीत जातो. तो चोर नाही, फरारी नाही. त्याच्यावर आक्षेप आहे तो एका कागदाचा, आणि त्या कागदाचं काय करायचं ते ठरवायला सरकार आहे, कायदा आहे, न्यायालय आहे. तरीही भरदिवसा त्याला घेरलं जातं आणि रंगाने माखलेल्या चेहऱ्याची छायाचित्रं दुसऱ्या दिवशी दोन राज्यांतल्या घराघरांत पोचतात. ज्यांनी हे केलं त्यांना वाटलं असेल की एका मराठी पुढाऱ्याची फजिती केली. पण मोरे तिथे एकटे नव्हते. त्यांना निवडून देणारे नगरसेवक आणि त्या नगरसेवकांना निवडून देणारं शहर त्यांच्या पाठीशी होतं, आणि त्या शहरात कानडी बोलणारे मतदारही होते. कर्नाटकानेच पुढे आपल्या दुसऱ्या राजधानीच्या तोऱ्याने मिरवलेल्या शहराचा महापौर कर्नाटकाच्या राजधानीत सुरक्षित राहू शकला नाही, ही नामुष्की मोऱ्यांची मुळीच नव्हती.

सीमेच्या अलीकडे, कोल्हापुरात, संतापाची लाट उसळली. इथे एक गोष्ट आपल्या बाजूचीही सांगायला हवी. अशा वेळी आपल्याकडे कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं जातं, कानडी पाट्यांवर दगड पडतात. इचलकरंजीत, सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कानडी माणसाने बेळगावच्या महापौराचं काय वाकडं केलं? त्या बसचा ड्रायव्हर पोटासाठी स्टिअरिंग धरून बसलेला असतो. बंगळूरमधल्या त्या कृत्याला आपण रानटी म्हणायचं आणि तेच इकडे करायचं, हे बेळगावच्या माणसाच्या कामाचं नाही. उलट त्याचा जाच वाढतो, कारण इकडे फुटलेल्या प्रत्येक काचेचा हिशोब तिकडे त्याच्याकडून मागितला जातो.

हल्ल्यानंतर सरकार महापौराच्या पाठीशी उभं राहील, निदान नोटिशीचा विषय थंड डोक्याने हाताळील, अशी अपेक्षा कुणी केली असेल तर ती फोल ठरली. २१ नोव्हेंबर २००५ ला, हल्ल्याला दहा दिवस होतात तोच, कर्नाटक सरकारने बेळगाव महानगरपालिका बरखास्त केली. महानगरपालिका कायद्याचा भंग झाला, हे कारण दिलं गेलं. नगरसेवक घरी गेले आणि कारभार प्रशासकाकडे गेला.

कर्नाटकाची बाजू थोडक्यात अशी : महानगरपालिका ही पाणी, रस्ते, दिवे, गटारं यांसाठी असते; राज्याच्या सीमेवर बोलणं हा तिचा विषय नाही; शिवाय ज्या राज्याच्या कायद्याने ती जन्मली त्याच राज्यातून बाहेर पडायची मागणी तिने करणं गैर आहे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. अधिकाराबाहेरचा ठराव सरकार रद्द करू शकतं. पण तो तर रद्द झालाच होता. रद्द झालेल्या ठरावाने कुणाचं नुकसान होत होतं की सबंध सभागृह घालवावं लागलं? नगरसेवकांनी पैसे खाल्ले नव्हते, सभा घ्यायचं सोडलं नव्हतं, पाणीपुरवठा बंद पाडला नव्हता. असे ठराव यापूर्वीही झाले होते, असं समिती तेव्हा सांगत होती आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा सभागृह बरखास्त झालं नाही, २००५ मध्ये झालं. फरक एवढाच की आता सर्वोच्च न्यायालयात दावा होता आणि शहराची इच्छा सांगणारा कागद अडचणीचा ठरणार होता. मतं मागायला परवानगी, पण मत मांडायला बंदी, हा न्याय कुठल्याही राज्याने आपल्या अल्पसंख्याकांना लावला तर तो चूकच आहे.

हेच माप महाराष्ट्रालाही लावून बघावं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या दुष्काळी गावांनी २०१२ मध्ये पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. ते ठराव २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी उकरून काढले आणि इकडे एकच गदारोळ झाला. जतच्या माणसाला देशद्रोही, राज्यद्रोही म्हणायची गरज नव्हती. त्याला म्हैसाळ योजनेचं पाणी हवं होतं. गावाने असा ठराव केला तर सरकारने शरमेने पाणी न्यावं. ग्रामपंचायत मोडून टाकणं हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. जतला जे लागू आहे तेच बेळगावला.

२००५ च्या बरखास्तीनंतर कर्नाटकाने बेळगावात आपली मोहोर पक्की करायला घेतली. सप्टेंबर २००६ मध्ये एच. डी. कुमारस्वामींच्या सरकारने बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरवलं. समितीने त्याच दिवसांत महामेळावा घेतला आणि ती प्रथा पुढे चालू राहिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन झालं. वर्षातून मोजकेच दिवस गजबजणारी ती भव्य इमारत महामार्गावरून जाताना दिसते आणि दावा न्यायालयात असताना ती का बांधली असेल हे कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं अधिकृत नावही बदललं.

महापौरांवरची टाच काही थांबली नाही. २०११ मध्ये महापौर मंदा बाळेकुंद्री आणि उपमहापौर रेणू किल्लेकर काळ्या दिनाच्या फेरीत सहभागी झाल्या, त्यावरून पुन्हा वादळ उठलं आणि पुन्हा महानगरपालिकेवर प्रशासक आला. २०१६ मध्ये महापौर सरिता पाटील यांच्यावर त्याच कारणाने कारवाईची मागणी झाली. २०१७ मध्ये तर कर्नाटकाचे मंत्री रोशन बेग यांनी ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद काढून घेणारा कायदा करण्याची भाषा केली. विजय मोऱ्यांच्या वेळी निदान ठराव तरी होता. पुढे सायकल फेरीत चालणं हाही गुन्हा झाला, आणि त्यापुढे दोन शब्दांची घोषणासुद्धा.

पण समितीची पीछेहाट सगळी बंगळूरच्या माथी मारता येणार नाही. गट पडले, गटांचे उपगट पडले. एकाच मतदारसंघात समितीचे दोन-दोन उमेदवार उभे राहिले. २००८ च्या विधानसभेत समितीचा एकही आमदार आला नाही, २०१३ मध्ये दोन आले, २०१८ मध्ये पुन्हा एकही नाही. महाराष्ट्रातले पक्ष सीमाप्रश्नावर विधानसभेत एकमताने ठराव करतात आणि त्यांचेच राष्ट्रीय पक्ष निवडणुकीत बेळगावात समितीविरुद्ध उमेदवार उभे करतात. प्रचाराला महाराष्ट्रातले नेते जातात ते कुणाच्या व्यासपीठावर, हे सीमाभागातला मतदार बघत असतो. डिसेंबर २०२० मध्ये महानगरपालिकेच्या दारातच कन्नड संघटनांचा लाल-पिवळा झेंडा रोवला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये महानगरपालिकेची निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली आणि अठ्ठावन्नपैकी पस्तीस जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. समिती बोटांवर मोजण्याइतकी उरली. निवडून आलेल्यांत मराठी आडनावं पुष्कळ आहेत, २०२३ मध्ये महापौर झालेल्या शोभा सोमनाचे याही त्यातल्याच. पण १९४८ पासून ज्या नगरसभेने महाराष्ट्राचं नाव घेतलं, तिथे आता ते घेतलं जात नाही.

विजय मोऱ्यांचं पुढे काय झालं, हे महाराष्ट्रात फारसं कुणी विचारत नाही. काळं फासलेला चेहरा एवढीच त्यांची ओळख आपल्या लक्षात राहिली, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे. बेळगावजवळ बामणवाडीला शांताई नावाचा वृद्धाश्रम आहे, त्याच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतलं. घरच्यांना नकोशी झालेली, कुणीच नसलेली म्हातारी माणसं तिथे राहतात. शांताईच्याच विद्या आधार उपक्रमात लोकांकडून रद्दी गोळा करतात, ती विकतात आणि त्या पैशांतून गरजू मुलांची फी भरतात. मराठी घरातली रद्दी येते, कानडी घरातलीही येते, आणि फी भरताना मुलाची मातृभाषा विचारली जात नाही. ज्याचा एवढा अपमान झाला त्या माणसाने पुढची वर्षं द्वेषावर काढली असती तरी कुणी त्याला नावं ठेवली नसती. त्यांनी ती म्हाताऱ्यांच्या सेवेत काढली. सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत त्यामुळे पातळ झालं, असं समजायचं कारण नाही.

दाव्याची गत मात्र बघवत नाही. २००४ चा दावा. २०१४ मध्ये न्यायालयाने साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली. हा विषय संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही, असा आक्षेप घेऊन कर्नाटकाने ते काम अडवलं. तेव्हापासून तारखा पडत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे समन्वय मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई बेळगावला जाणार होते. दौरा रद्द झाला. त्याच दिवशी हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याच महिन्याच्या अखेरीला नागपुरात विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. एन. डी. पाटील तो बघायला नव्हते. त्याच वर्षी १७ जानेवारीला, हुतात्मा दिनालाच, कोल्हापुरात त्यांचं निधन झालं होतं.

आता काय करायचं, हे सांगायला कुणी मोठा तज्ज्ञ लागत नाही. महाराष्ट्र सरकारने दाव्याच्या प्रत्येक तारखेला पूर्ण तयारीचा वकील उभा करावा आणि विषय खंडपीठापुढे यावा म्हणून पाठपुरावा करावा. सीमाभागातल्या मराठी शाळांना, वाचनालयांना जाहीर केलेली मदत वेळेवर पोचवावी. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळाला पाहिजे, हा त्यांचा मान्य झालेला हक्क आहे. तो मिळवून देण्यासाठी केंद्राच्या दारात धरणं धरावं. आणि कोल्हापूरच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे : पुढच्या वेळी एसटी कोगनोळीला थांबली, तर कर्नाटकाच्या बसची काच फोडू नका. आपल्या आमदाराला आणि खासदाराला गाठा आणि दाव्याची पुढची तारीख कधी आहे ते विचारा. त्यांना सांगता आली नाही, तर पुन्हा विचारा.